पोचल्याची वेळ

माझी मुलगी चाकणहून कामावरून घरी येताना गेली. कंपनीच्या बसमधून उतरून ती रस्ता ओलांडत होती. डंपरने तिला धडक दिली.

ती कंपनीत क्वालिटीला होती. डिप्लोमा झाल्यावर घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकली आणि बसमधल्या बायकांसाठी तिने एक सोय केली. शिफ्ट सुटून बसमध्ये बसलं की मोबाइलवर 'निघाले' दाबायचं, घरात पाऊल टाकलं की 'पोचले'. दोन्ही वेळा डेटाबेसमध्ये नोंदल्या जायच्या. ठरल्या वेळेत 'पोचले' आलं नाही, तर घरच्यांना संदेश जायचा. मोबाइल आणि डेटाबेस यांच्या मधला प्रोग्रॅम तिने भाड्याच्या सर्व्हरवर ठेवला होता. त्याला ती एपीआय म्हणायची. "बाबा, तो तुमच्या काउंटरवरचा माणूस समजा," असं तिने मला सांगितलं होतं. मी चिंचवडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. आमच्याकडे वाचक कपाटाला हात लावत नसे, काउंटरवर मागत असे. मला लगेच कळलं.

सर्व्हर तिच्या नावावर होता. मुदत संपत आल्याची सूचना तिच्या ईमेलवर आली, ती मी वाचली आणि बंद केली. त्यानंतर चिखलीहून एक बाई भेटायला आली. मूळची लातूरकडची, मुलीच्याच बसने जाणारी. चहा नको म्हणाली. बराच वेळ पदर चाळवत बसली.

"काका, ते बंद पडलं तर सासू मला सेकंड शिफ्टला पाठवायची नाही. आन् सेकंड शिफ्ट नको म्हणलं की काम गेलंच."

मग मी शिकायला बसलो. मुलीची एक मैत्रीण काळेवाडीत राहते, आयटीत आहे. ती सुट्टीच्या दिवशी येऊन शेजारी बसायची, टाइप मला करायला लावायची. पुढे तुम्हालाच बघायचंय, म्हणायची. मुलीच्या नावाचं खातं पुढे चालवता येत नव्हतं, म्हणून नवा सर्व्हर माझ्या नावावर घेतला. जुन्या नोंदी त्यावर हलवताना मी फेऱ्यांचा, म्हणजे 'निघाले-पोचले'च्या वेळांचा, तक्ता आधी भरायला घेतला आणि डेटाबेसने एकेक ओळ नाकारली. मैत्रीण म्हणाली, आधी बायकांचा तक्ता भरा. जी बाई नोंदलेलीच नाही तिची फेरी तो घेणार नाही. आम्हीही सभासद नसलेल्याला पुस्तक देत नव्हतो, तरी मला हे सुचलं नाही. नंतर पासवर्ड जुळेना. मग प्रोग्रॅम सुरू होऊन लगेच पडायला लागला, कारण नव्या डेटाबेसचा पत्ता मी त्याला दिलाच नव्हता. मुदत संपत चालली होती. चूक दाखवणारी लाल अक्षरं दिसली की मी पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचो. हे माझ्या हातून बंद पडलं तर पोरीला तोंड कसं दाखवू, असं मनात यायचं. मग लक्षात यायचं, तोंड दाखवायला ती नाही. तरी ती भीती जात नसे.

एका रविवारी दुपारी तो चालू झाला आणि चालू राहिला. मैत्रीण आमच्या घरात किती तरी दिवसांनी हसली. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. संदेशात मुलीचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: अजून घरी पोचलेली नाही. चौकशी करावी.

हाच संदेश त्या दिवशीही आला होता. तो वाचूनच मी चप्पल घालून स्टॉपकडे निघालो होतो.

मैत्रिणीने फोन माझ्या हातातून घेतला. मग हळूहळू सांगितलं. शेवटच्या फेरीत 'निघाले'ची वेळ आहे, 'पोचले'चा रकाना रिकामा आहे. कोणाला कळवून झालंय ते प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच लक्षात ठेवतो. जुना सर्व्हर त्या दिवसापासून एकदाही बंद झाला नव्हता. नव्या सर्व्हरवर प्रोग्रॅमने तक्ता पहिल्यांदाच वाचला, म्हणून पुन्हा कळवलं.

"काका, ओळ काढून टाकू का? नाहीतर कुठलीतरी वेळ भरू. मग नाही येणार."

वाचनालयात परत न आलेलं पुस्तक आम्ही नोंदवहीत कित्येक वर्षं 'बाहेर' असंच दाखवायचो. शेवटी समितीची मंजुरी घेऊन त्याचं निर्लेखन करायचं, म्हणजे ते संग्रहातून कमी करायचं. मी कितीतरी पुस्तकं अशी कमी केली. कधी हात अडखळला नाही.

मी कीबोर्ड पुढे ओढला. कुठलीतरी वेळ भरायची गरज नव्हती. रुग्णालयातून तिला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आणलं, ती वेळ मला ठाऊक होती. ती मी टाइपही केली. मग पुसली.

"राहू दे," मी म्हणालो.

मैत्रिणीने फोन मला परत दिला.

सर्व्हर चालू आहे. चिखलीची बाई सेकंड शिफ्टला जाते आणि ती पोचल्याची नोंद रोज होते. काही दुरुस्ती करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की मला तो संदेश येतो. तक्त्यात एक रकाना रिकामा आहे.