सावलीतला सोनटक्का

नामदेव, मी वर्धेच्या कापसाच्या जिनिंगात कामाले लागून केळझर सोडलं तवा तू लहान भाऊ, बैलबंडीमांगं पळत आलता. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असन. मी जातो म्हणून बाबा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. बंडी हालली तवा त्याइनं ओल्या तरटात बांधलेला सोनटक्क्याचा गड्डा माझ्या मांडीवर ठेवला. आपल्या विहिरीपाशी आंब्याखाली होता, त्यातलाच. एवढंच बोलले, "सावलीत लावजो. मोरीचं पाणी लागलं पाह्यजे."

मी लावला वर्धेच्या भाड्याच्या खोलीसमोर, भर उन्हात. सडकेनं जाणाऱ्याले दिसाले पाह्यजे ना, का हा माणूस गावाहून रिकाम्या हातानं नाई आला! शिमग्यापर्यंत पानं करपून कागद झाली.

बाबा कापसाची बंडी घेऊन बाजाराले आले. मी ड्युटीवर. संध्याकाळी पाह्यतो तं दारात खड्डा, अन् झाड मांगं मोरीपाशी. मी उपटून परत दारात लावलं. पुढच्या बाजाराले बाबांनं पुन्हा मांगं नेलं. मी पुन्हा दारात आणलं. तुई वहिनी म्हणे, "तुमा बापलेकात त्या झाडाचा जीव जाईन."

तिसऱ्या खेपेले बाबांनं दारातलं झाड जागेवरच राहू दिलं. मले वाटलं, म्हातारा हरला.

मिरगापर्यंत दारातलं पार वाळलं. अन् पाऊस लागला तसे मोरीपाशी कोंब दिसले. तुई वहिनी हळूच बोलली, "मामाजींनं अर्धा गड्डा तोडून तिथं लावलता. तुमाले सांगू नको म्हणे, नाई तं तो उपटून टाकन."

मी नाई उपटला. पाणी मात्र कोणी पाह्यत नसलं तवाच घालत गेलो.

भादव्यात फुलला. ओल्या फडक्यात फुलं घेऊन केळझरले आलो, बाबाच्या पुढ्यात ठेवली.

"उन्हात फुलला काय रे?"

"हो."

बाबांनं फूल नाकाले लावलं, लई वेळ लावूनच ठेवलं. मंग म्हणे, "वर्धेचं ऊन मोठं थंड दिसते." चुलीपाशी माय तोंडाले पदर लावून हसत होती.

पुढं वर्धेत स्वतःचं घर बांधलं, तवा पह्यले सोनटक्क्यासाठी मांगची सावली पाह्यली, दार मंग ठरवलं. लोक पुसते, तुमचं घर केळझरचं का वर्धेचं? मी त्याइले हाताले धरून मांगं मोरीपाशी नेतो.

आता बाबा नाई. खरं सांगाचं राहूनच गेलं. तू विहिरीपाशी त्याइच्या सोनटक्क्याजवळ जाशीन तवा बाबाले एवढं बोलजो नामदेव, दादाचा सोनटक्का सावलीतच फुलला.