तेलोची अदलाबदल

सान पेद्रो गावातल्या त्या गल्लीत सकाळी आधी कोंबडा आरवतो की तेलो, याबद्दल लोकांत दुमत होतं. आदल्या दिवशी बेसबॉलचा सामना झालेला असला, की मात्र तेलोच आधी. केता आपल्या वाणसामानाच्या दुकानाचं शटर अर्धं वर करते न करते, तोच तो समोरच्या बदामाखाली उभा राहून, दमलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, सातव्या डावात बाहेर का घेतलं नाही, याचा जाब येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागायचा. पाववाला असो की शाळेला निघालेल्या बाई असोत, त्याच्या लेखी सगळेच संघाचे मॅनेजर. बाई बिचाऱ्या "पुढच्या वेळी लक्षात ठेवते" म्हणून सटकायच्या.

त्याचं पूर्ण नाव तेलेस्फोरो, पण ते त्याच्या आईखेरीज कुणी वापरलं नाही. धंदा चामड्याचा. चपला आणि बूट तो शिवायचाच, पण खरी कमाई बेसबॉलच्या हातमोज्यांची. ज्या गावात दर दुसरं पोर मोठा खेळाडू व्हायला निघालेलं असतं, तिथे हातमोजे उसवायला तोटा नसतो. बदामाच्या बुंध्याशी त्याची पेटी, मेण लावलेला दोरा आणि एक खुर्ची. सुई दातांत धरूनही तो वाद घालू शकत असे आणि ऐकणाऱ्याचा त्यातला एकही शब्द हुकत नसे.

दुपारी काम थोडं थंडावलं, की केताच्या दारात ठिपक्यांच्या सोंगट्या मांडून डॉमिनोचं टेबल लागायचं. दोघांविरुद्ध दोघं. तेलोच्या समोर भिडू म्हणून कायम अमाब्ले. अमाब्ले बर्फाची गाडी चालवायचा आणि स्वभावानंही बर्फच. तेलो दहा वाक्यं बोलला की हा एक बोलणार, तेही कॉफीचा घोट संपल्यावर. लहानपणी दोघांनी साखर कारखान्याच्या आगगाडीतून ऊस पळवला होता, एकमेकांना नाही नाही त्या शिव्या घातल्या होत्या. पुढे तेलोला मुलगी झाली आणि बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तिला हातात धरलं अमाब्लेनं. त्या दिवसापासून दोघं कंपाद्रे झाले. हे नातं भावाहून वरचं आणि व्याह्याहून जवळचं, आणि त्याचा मान राखायचा म्हणजे अरे-तुरे बंद. आदल्या संध्याकाळपर्यंत एकमेकांचे केस ओढणारे दोघं चर्चमधून बाहेर पडले ते "या कंपाद्रे, तुम्ही आधी" करत. गल्ली तेव्हा पोट धरून हसली होती. पण मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तरी त्या ‘तुम्ही’ला कधी तडा गेला नव्हता.

तो तडा गेला डिसेंबरात, एका मारामारीपायी.

मारामारी मैदानावरची. राजधानीच्या संघाबरोबर सामना होता आणि त्यांच्या पिचरनं आपल्या फलंदाजाच्या पाठीत चेंडू घातला. मुद्दाम की चुकून, हे त्या पिचरला आणि देवाला ठाऊक. आपल्या गड्यानं बॅट टाकली आणि तो सरळ पिचरवर चालून गेला. मग दोन्ही बाकांवरचे सगळे खेळाडू मैदानात धावले. अशा वेळी धावावंच लागतं, जो बाकावर बसून राहील त्याचं तोंड पुन्हा कुणी पाहत नाही. सगळा गोंधळ, धूळ, टोप्या इकडे तिकडे. आणि त्या गोंधळात आपल्या दुसऱ्या बेसवरचा सानाब्रिया धावत गेला आणि त्यानं त्याच पिचरला कडकडून मिठी मारली. दोघं गवतावर आडवे झाले, ते सगळं शांत होईपर्यंत तसेच.

केताच्या दुकानातल्या टीव्हीवर ते दृश्य इतक्या वेळा फिरवून पाहिलं गेलं, की केताची मांजरही आता त्या मिठीच्या वेळी मान वर करायची. प्रश्न एकच. सानाब्रियानं पिचरला आवळून धरलं होतं, की आपल्या लोकांच्या मारापासून झाकलं होतं? त्याचा हात पिचरच्या गळ्यावर आहे, म्हणजे दाबतोय, असं एक पक्ष म्हणे. हात डोक्यामागे आहे, म्हणजे डोकं सांभाळतोय, असं दुसरा. मोटरसायकलवर सवाऱ्या सोडणारा पिचिर्री रोज पक्ष बदलायचा, कारण त्याला कॉफी कोण पाजतं यावर ते ठरे.

पंधरवड्यात संघानं सानाब्रियाची अदलाबदल केली. गेला कुठे, तर राजधानीलाच. बदल्यात मिळाला एक डावखुरा पिचर आणि शिवाय एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर सांगण्यात येईल. अशा सौद्यांत हे नेहमीचंच. पण तेलोला तेवढंच पुरलं.

"बघा," तो त्या सकाळी अमाब्लेला म्हणाला, "मी म्हणत नव्हतो, कंपाद्रे? मन आधीच तिकडे होतं त्याचं. आता शरीरही गेलं. पीडा टळली."

अमाब्लेनं कॉफी संपवली. "तुमचं आपलं काहीतरीच," तो म्हणाला. "मारामारीत ठोसा कुणीही मारतो, कंपाद्रे. मिठी मारायला जास्त जिगर लागते."

झालं. तेलोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. केताच्या दारातल्या बाकावरचे लोक हसले होते आणि ते आपल्यालाच हसले, असं त्याला वाटलं. तो खुर्चीवरून उठला.

"तुला काय कळतं रे मारामारीतलं?" तो ओरडला. "जन्मात कुणावर हात उगारलायस? माझ्या पोरीच्या लग्नात नवऱ्यामुलाचा काका माझ्या अंगावर आला, तेव्हा तू काय केलंस? त्यालाही मिठीच मारलीस. तू आणि तो सानाब्रिया, दोघं एकाच माळेचे मणी."

केतानं दुकानात लागलेल्या गाण्याचा आवाज कमी केला. अमाब्लेनं रिकामा कप काउंटरवर ठेवला, टोपी घातली आणि बर्फाची गाडी घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला, पण रस्त्याच्या पलीकडे. पलीकडे मोन्चोचं दुकान. मोन्चो मूळचा राजधानीचा, त्याच्या दारावर राजधानीच्या संघाचा झेंडा आणि त्या झेंड्याखाली त्यांचं डॉमिनोचं टेबल. अमाब्ले शांतपणे त्या टेबलाशी जाऊन बसला. एका सानाब्रियासाठी माणसानं एवढं करावं, याचं तेलोला नवल वाटलं. "जाऊ दे," तो बाकावरच्यांना म्हणाला, "राग उतरला की येईल. गेला तोच परत येईल, मी नाही जायचा."

राग काही उतरला नाही. तेलोला भिडू म्हणून पिचिर्री मिळाला. पिचिर्री गाडी चालवतो तसाच डॉमिनो खेळतो, म्हणजे आधी घुसायचं आणि मग बघायचं. हातात सहाच्या सोंगट्या असताना तो दुसरंच काहीतरी लावायचा आणि वर विचारायचा, "हे चुकलं का?" तेलो हरू लागला. रोज हरू लागला. पलीकडून सोंगटी टेबलावर आपटल्याचा आवाज यायचा आणि त्या आवाजावरूनच त्याला कळायचं, की ही अमाब्लेची. घरी जाऊन तो जेवताना गप्प बसू लागला, तेव्हा बायको नुरिस घाबरली. या घरात इतकी शांतता तिनं लग्नापासून ऐकली नव्हती.

भात आणि लाल घेवड्याची ताटली त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "जा आणि माफी माग."

"सानाब्रियाबद्दल? कदापि नाही."

"कसला सानाब्रिया? तो सानाब्रियासाठी गेला असं वाटतंय तुला?" नुरिस समोर बसली. "तू त्याला चारचौघांत ‘तू’ म्हणालास."

"मी? शक्यच नाही."

"केतानं ऐकलं. पिचिर्रीनं तर मला करून दाखवलं, तुझ्या आवाजात. आणि लग्नातल्या त्या मिठीचं म्हणशील, तर त्यानं त्या काकाला धरला नसता ना, तर तू त्याला चामड्याच्या सुया घेऊन शिवला असतास आणि पोरगी आजही आपल्याच घरी बसलेली असती."

तेलोनं चमचा खाली ठेवला. टीव्हीवर फिरवून पाहतात तशी त्यानं ती सकाळ मनात फिरवून पाहिली. तुला काय कळतं. तू काय केलंस. एकदा नाही, सलग. आणि ते बोलणं कुणाला, तर आपल्या लेकीला देवासमोर हातात धरणाऱ्या माणसाला. ती आख्खी मारामारी, तो सौदा, त्यातलं काहीच त्याच्या मनात उरलं नाही. त्याला फक्त लाज वाटली.

पण कळणं वेगळं आणि रस्ता ओलांडणं वेगळं. राजधानीच्या झेंड्याखाली माफी मागायची, हे एक वेळ त्यानं गिळलं असतं. त्याला भीती दुसरीच होती. आपण तिथे जाऊन उभे राहिलो आणि अमाब्लेनं मान वर करून "काय पाहिजे तुला?" असं विचारलं तर? मग संपलंच. एकदा त्याच्या तोंडून ‘तू’ आलं, की कंपाद्रे म्हणून काही उरायचं नाही. जोवर तो गप्प आहे, तोवर निदान तसं म्हणालेला नाही, अशी तेलो मनाची समजूत घालायचा आणि दोऱ्याला गरजेपेक्षा जास्त मेण लावत बसायचा.

त्या रविवारी केतानं दुकानातलं गाणं मध्येच बंद केलं, माइक हातात घेतला आणि कर्ण्यातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की डॉमिनोच्या दोन टेबलांत सौदा झालेला आहे. केताच्या टेबलानं तेलेस्फोरो यांना मोन्चोच्या टेबलाला दिलं आहे. बदल्यात मिळाला आहे डावखुरा रुफिनो आणि आणखी एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर सांगण्यात येईल. डॉमिनोत डावखुऱ्याचा काय उपयोग, हे कुणी विचारलं नाही. डावखुरा मिळतोय म्हटल्यावर लोकांनी टाळ्याच वाजवल्या.

तेलोही हसला. हसावंच लागलं. पण काम अर्धवट टाकून त्यानं पेटी बंद केली. थट्टा आहे, हे त्याला कळत होतं, आणि तरी ती लागायची तिथे लागली. इतकी वर्षं या दारात बसून आपण घसा कोरडा केला आणि एका रुफिनोच्या बदल्यात आपल्याला काढून टाकलं. रोज हरणाऱ्याला कोण ठेवील? सानाब्रिया गेला तेव्हा पीडा टळली असं आपणच म्हणालो होतो. आता आपल्याबद्दल बाकावर कुणी तरी तेच म्हणत असणार, असं त्याला वाटलं, आणि त्या परक्या पोराबद्दल त्याला पहिल्यांदा वाईट वाटलं.

सोमवारी तो कामावर आलाच नाही. नुरिसला म्हणाला, पाठ धरलीय. मंगळवारी नुरिसनं त्याच्या अंगावर शर्ट टाकला. ज्याचा सौदा झाला त्यानं नव्या संघात हजर व्हायचं असतं, ती म्हणाली, न होणाऱ्याला घरी बसवतात आणि घरी मला तू नकोयस.

तेव्हा तेलोनं रस्ता ओलांडला. केताच्या दारातले सगळे पाहत होते आणि आपण पाहत नाही असं दाखवत होते. मोन्चोच्या टेबलाशी तिघं बसले होते. चौथी खुर्ची अमाब्लेच्या समोर, रिकामी. अमाब्ले सोंगट्या पालथ्या घालून दोन्ही हातांनी फिरवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आला का महागडा माल?" मोन्चो कुरकुरला. "रुफिनो दिला मी याच्यासाठी. माझा चांगला रुफिनो. आणि नंतर सांगायचं नाव म्हणून ती केता आता माझा पंखा मागतेय."

तेलो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "हाकललं मला तिकडून," तो म्हणाला. "म्हणून आलो."

"हाकललं नाही," अमाब्ले सोंगट्यांकडे बघत म्हणाला. "मागून घेतलं."

"कुणी?"

"मी."

त्या उत्तरांत ना ‘तू’ होतं, ना ‘तुम्ही’. गल्लीतल्या कुठल्याही वादात त्याला शब्द कमी पडले नव्हते. आत्ता मोजून मापून सापडले तेवढेच तो बोलला.

"त्या दिवशी मी तुम्हाला... तसं बोलायला नको होतं. चुकलंच माझं."

"ऐकलं सगळं," अमाब्ले म्हणाला. सोंगट्या अजून फिरतच होत्या. "सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला राग आला होता. अजून थोडा आहे."

"मग मागून कशाला घेतलं?"

अमाब्लेनं हात थांबवले आणि पलीकडे केताच्या दाराकडे पाहिलं. तिथे पिचिर्री रुफिनोला काहीतरी समजावून सांगत होता आणि रुफिनोनं आताच कपाळ धरलं होतं.

"इथून सगळं दिसतं," तो म्हणाला. "पिचिर्री चुकीची सोंगटी लावायचा आणि तुम्ही गप्प बसायचात. तुम्ही, आणि गप्प. बघवेना मला. बसा कंपाद्रे."

तेलो बसला. वाटणीच्या सोंगट्या त्यानं पुढे ओढून उभ्या केल्या. दुहेरी सहाची सोंगटी ज्याच्याकडे असेल त्यानं सुरुवात करायची होती आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, पण डोळे इतके भरून आले होते, की त्याला एकही ठिपका धड दिसेना. शेवटी मोन्चोनंच नियम मोडून वाकून त्याच्या सोंगट्या पाहिल्या आणि म्हणाला, "आहे, आहे याच्याकडे. डावीकडून तिसरी. लाव बाबा."