अठरावा दोष

कारखान्यात त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला लालचिठ्ठी म्हणत. गॅसच्या शेगडीला बसणारे पितळी कॉक तिथे तयार होत आणि ते तपासायचं काम तो सत्तावीस वर्षं करत होता. कॉक घ्यायचा, पाण्यात बुडवायचा, हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. आला की तारेनं लाल चिठ्ठी बांधायची, त्यावर दोष लिहायचा आणि तो कॉक बाजूच्या पेटीत टाकायचा. "एक सुटला तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सुटतो," असं तो म्हणायचा. नव्यानं आलेली माणसं पहिल्यांदा हे ऐकून गंभीर व्हायची आणि विसाव्यांदा ऐकलं की तोंड फिरवायची.

गेल्या तीन महिन्यांत तीन पाळ्यांची एकच पाळी झाली होती. कुणाला काढलं नव्हतं. पण चहाच्या यंत्रातली साखर संपली ती परत कुणी भरली नव्हती, आणि साहेब लोक आता स्वतःहून "काय, बरं आहे ना?" असं विचारायला लागले होते. साहेब बरं आहे का विचारायला लागला की समजायचं, काही बरं नाही.

"बाईसाहेबांना विकू या," एका संध्याकाळी तोच म्हणाला.

बाईसाहेब म्हणजे त्यांची गाडी. शेवाळी रंगाची, गोल दिव्यांची, त्यांच्या लग्नाहून नऊ वर्षांनी मोठी. तिचा आकार आता कुठल्याच गाडीला येत नाही. रस्त्यात लोक थांबून फोटो काढायचे. बायको हातातली सुई थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. ती घरी गाद्यांच्या, सोफ्यांच्या खोळी शिवते.

"एवढं काय झालंय?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच. आत्ता विकली तर आपण विकली. उद्या विकली तर विकावी लागली."

ती पुन्हा शिवायला लागली. धागा तोडताना तिनं डावा खांदा नेहमीसारखा दोनदा फिरवला. तो खांदा किती वर्षं दुखत होता याचा हिशोब तिनं केव्हाच सोडला होता. डॉक्टर म्हणायचे, शिवणकामामुळे.

मुलीनं गाडीचे छान फोटो काढून जाहिरात टाकली आणि माणसं यायला लागली. पहिला आला तो फोटो स्टुडिओवाला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "छप्पर कापून टाकलं की झकास होईल." लालचिठ्ठीनं त्याला फाटकापर्यंत सोडलं आणि फाटक लावून घेतलं.

दुसरा बरा होता. त्याच्या डोळ्यांत गाडी भरली होती. पण त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, "कंडिशन कशी आहे?" लालचिठ्ठीनं खिशातून कागद काढला आणि सतरा दोष वाचून दाखवले. चढावर पहिला गिअर निसटतो. काच खाली केली की हातानं वर ओढावी लागते. पावसात डावा वायपर रुसतो. मागच्या टायरची हवा आठवड्याला उतरते. अकराव्या दोषापाशी तो माणूस घड्याळ बघायला लागला आणि चौदाव्यापाशी त्याला कुणाचा तरी फोन आला.

"बाबा, तुम्ही विकताय की नापास करताय?" मुलगी वैतागून म्हणाली.

"जे आहे ते सांगायला नको?"

"सांगा की. पण मुलगी दाखवायचा कार्यक्रम असल्यासारखं कुंडलीच कशाला काढता?"

"त्यांना विकायचीच नाहीये," बायको आतून म्हणाली. "अगं, बोलतात विकू विकू, आणि गिऱ्हाईक आलं की खिशातला कागद काढतात."

हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्याला खरोखरच वेगळं काही येत नव्हतं. सत्तावीस वर्षं समोर आलेल्या वस्तूत खोट शोधायचा पगार घेतला होता. एखादी गोष्ट चांगली आहे हे तो एकाच पद्धतीनं सांगू शकत असे: काही न बोलता.

तिसरा आला तो बेकरीवाला. जाडजूड, अंगाला पावाचा वास, बोलणं हळू. त्याची आई पंच्याऐंशीची होती आणि तिला रोज सकाळी थोडं हिंडवून आणावं लागे. नव्या गाड्यांत तिला गुदमरायला होई. त्यानं सतराच्या सतरा दोष उभ्यानं ऐकले, मग म्हणाला, "माझ्या भट्टीत याच्या दुप्पट आहेत. चालते." गल्लीतल्या गल्लीत गाडी पुढे-मागे करून बघितली आणि व्यवहार तिथेच ठरला.

रविवारी दहा वाजता तो आईला घेऊनच आला. लालचिठ्ठीनं गाडी दोनदा पुसली होती. सतरा दोषांची लाल चिठ्ठी त्यानं तारेनं स्टिअरिंगला बांधली. मग घरापर्यंतचा रस्ता समजावला.

"पुलावरून जाऊ नका, चढ आहे, गिअर निसटेल. कालव्याच्या कडेनं जा. वाटेत पेट्रोल पंप लागेल, तिथे मागच्या टायरची हवा भरा. आणि चालवताना फोन घ्यायचा नाही. हिचं स्टिअरिंग दोन हातांचं काम आहे."

"नाही घेत," बेकरीवाला शहाण्या मुलासारखा म्हणाला.

म्हातारी पुढच्या सीटवर बसली आणि गाडी निघाली. कोपऱ्यावर मागचा एक दिवा लागला, दुसरा थोडा उशिरा लागला. हा सहावा दोष. मग गल्लीत नुसती तेलाच्या डागाची जागा उरली.

तो पायरीवर बसला. बायको चहा घेऊन आली आणि त्याच्याशेजारी टेकली. दोघं त्या डागाकडे बघत होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता रविवारी माझा हात तरी मोकळा राहील."

"कसला हात?"

"दाराचा." एवढं म्हणून ती थांबली. कप खाली ठेवला. "अहो, तुम्ही त्यांना दाराचं सांगितलंत ना?"

"दाराचं काय?"

"माझ्या बाजूच्या."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिला कळायला लागलं, तसा तिचा आवाज बारीक झाला. "ते वळणावर सुटतं. अंग टेकलं की कडी निसटते. मी धरून बसते ना."

"कधीपासून?"

"वीस-बावीस वर्षं झाली असतील. सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, रविवारी बघतो."

"मग परत का नाही सांगितलंस?"

"रविवारी आपण फिरायला जायचो. तुम्ही एकदा गाडीखाली शिरलात की तो रविवार गेलाच. मग मी पट्टा शिवला."

पट्टा त्याला माहीत होता. सीटच्या खोळीच्याच कापडाचा, दुहेरी शिवणीचा, दाराच्या आतल्या बाजूला. त्याला वाटायचं, शोभेला आहे. एकदा त्यानं शिवण तपासून "पक्की आहे" असं म्हटलंही होतं. तो गाडी तिच्याशिवाय कधी काढत नसे, कारखान्याला बसनं जाई. त्यामुळे त्याच्या बाईसाहेबांचं दार कायम नीट लागलेलं असे.

"त्यांची आई बसलीये तिथे," बायको म्हणाली.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. शहाण्या माणसानं शब्द पाळला होता.

शेजाऱ्याची स्कूटर मागून घेतली. ती मागे बसली. पूल नाही, म्हणजे कालवा. कालव्यावर तीन वळणं. पहिल्या वळणाशी कुणी पडलेलं नव्हतं. दुसऱ्याशीही नव्हतं. तिसऱ्या वळणाशी माणसं गोळा झालेली दिसली आणि बायकोनं त्याच्या पाठीत नखं रुतवली. जवळ गेल्यावर कळलं, टरबुजं विकणारा होता.

बाईसाहेब पेट्रोल पंपावर उभ्या होत्या. बेकरीवाला मागच्या टायरपाशी वाकून हवा भरत होता. म्हातारी पुढे ताठ बसली होती. तिनं पट्टा दोन्ही हातांनी धरला होता.

"आजी!" बायको जवळजवळ ओरडलीच. "दार..."

"हो गं बाई, सुटतं," म्हातारी म्हणाली. "तेवढ्यासाठी पळत आलात? बसल्या बसल्या कळलं मला. एवढा चांगला पट्टा कुणी उगाच शिवत नाही. आमच्या ह्यांच्या टेम्पोला मी सुतळी बांधली होती."

"मग मला सांगायचंस की, आई!" बेकरीवाला उठून म्हणाला.

"तू म्हणाला असतास, बघतो."

लालचिठ्ठीनं मान खाली घातली. त्यानं कशीबशी चूक सांगितली, गाडी परत घ्यायची तयारी आहे म्हणाला. ते म्हणताना बायकोकडे बघितलं नाही. परत घेतली तर पुन्हा जाहिरात, पुन्हा माणसं, आणि तोवर पाळी राहते की नाही कुणी सांगावं? बायकोनं मान हलवली, घ्या म्हणून.

"गाडी कशाला परत घेता?" बेकरीवाला म्हणाला. "दार बघा की जरा."

लालचिठ्ठीनं डिकीतली हत्यारं काढली. आजीला पंपावरच्या खुर्चीत बसवलं. दार उघडून कडी जिथे अडकते ती पट्टी बोटानं चाचपली. झिजून आत गेली होती. दोन स्क्रू सोडले, पट्टीखाली दोन वॉशर टाकले, स्क्रू आवळले. दार लावलं. आवाज एकदम वेगळा आला, कपाटासारखा. त्यानं आत बसून अंग टाकून बघितलं, खांद्यानं ढकललं, पुन्हा ढकललं. दार हललं नाही.

बायको बाजूला उभी राहून सगळं बघत होती.

"झालं?"

"झालं."

"एवढंच होतं?"

तो स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

स्टिअरिंगची लाल चिठ्ठी त्यानं सोडवून घेतली. सतराव्या दोषाखाली अठरा आकडा घातला, पुढे "दार" लिहिलं, मग ते खोडलं. खोडल्यावरही ते वाचता येत होतं. चिठ्ठी तशीच परत बांधली.

"पट्टा काढू का?" बायकोनं आजीला विचारलं.

"राहू दे," आजी म्हणाली. "धरायला काहीतरी बरं असतं."

परतताना तो स्कूटर हळू चालवत होता. कालव्यालगत ऊन चढलं होतं. दोघांनाही सकाळपासून उभं असल्यासारखा थकवा आला होता. पहिल्या वळणावर तिचा हात आपसूक बाजूला गेला, हवेत थांबला आणि मग परत आला. आरशात त्याला ते दिसलं.

"खांदा दुखतोय का?" त्यानं विचारलं.

"पुढे बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या वळणावर पुन्हा तसंच झालं. या वेळी तिनं त्याचा सदरा धरला.

"उद्या पाळी किती वाजता?"

"अजून फळ्यावर लावलेली नाही."

"लावतील," ती म्हणाली, आणि तिसऱ्या वळणावरही तिनं त्याचा सदरा सोडला नाही.