आर्डिसचा कप
आर्डिस नायहूसच्या वाटेला जायची मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात कुणाची छाती नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिचाच शब्द चालायचा. मापही तिचं एकच, कान तुटलेला ॲल्युमिनियमचा कप. "एक कप किसलेलं चीज म्हणजे चार औंस. आणि माझ्या हातून एक पोर अर्धपोटी गेलेलं नाही," हे ती येईल त्याला ऐकवायची.

दर मंगळवारी मॅकरोनी. तीनशे पोरांना अठ्ठेचाळीस कप चीज. अलीकडे दोन वर्षं मात्र पोरं रिकामं ताट घेऊन दुसऱ्यांदा रांगेत यायची. आर्डिस पळी उगारून त्यांना हाकलायची, "हावरटांनो! एक वाटा म्हणजे एक वाटा!" पोरं माजलीत, असं तिचं ठाम मत.

अशा बाईसमोर शाळाखात्यानं कोरीन टॅलबर्टला धाडलं, तीही वजनकाटा घेऊन! कोरीन तिशीची, कामात चोख, पण जिभेवर साखर कधी पडलेलीच नाही.

"उद्यापासून चीज वजनानं घालायचं."

"का? माझ्या कपाला काय धाड भरलीय?"

"कपात हवासुद्धा मावते, आर्डिस. कुणी दाबून भरतं, कुणी सैल."

"मी एकाच अंगठ्यानं दाबते, बाई. तुमच्या वयापेक्षा माझ्या अंगठ्याची नोकरी जास्त झालीय."

"मग तोलूनच बघू. कप खरा ठरला तर काटा मी परत नेते. खोटा ठरला तर उद्यापासून तुम्ही भांडी घासायला."

"चालेल! या गं सगळ्या, बघा!" आर्डिसनं साऱ्या बायकांना गोळा केलं. किसलेल्या चीजची पिशवी फोडली, कप भरला, अंगठ्यानं दाबला आणि काट्यावर उपडा केला.

तीन औंस.

"काटा खोटा आहे!"

कोरीननं एक पौंडाचं लोण्याचं पाकीट काट्यावर ठेवलं. बरोबर सोळा औंस. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आर्डिसच्या कानशिलांची आग झाली. ती तरातरा कपाटाकडं गेली, सँडविचसाठी ठेवलेली चीजची वीट काढली आणि दुखऱ्या खांद्यानं खसाखसा किसली. ताजा ओलसर कीस अंगठ्याखाली गच्च बसला. तोलला. चार औंस, ना कमी ना जास्त.

"बघितलंत? कप खरा आहे माझा!"

"खरा आहे," कोरीन म्हणाली. तिनं पिशवीतला कीस चिमटीत धरून सोडला. तो भुरभुर पडला. "हा चिकटू नये म्हणून याला पीठ लावतात. कितीही दाबा, फुलूनच राहतो. या पिशव्या कधीपासून येतात?"

बायकांच्या नजरा आर्डिसकडं वळल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, किसून किसून खांदा दुखतो म्हणून खात्याशी भांडून पिशव्या मागवल्या होत्या त्या आर्डिसनंच.

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. अठ्ठेचाळीस कप, कपामागं एक औंस. दर मंगळवारी तीन पौंड चीज पोरांच्या ताटात कमी पडत आलं होतं, आणि वर तिनं त्यांनाच हावरट म्हटलं होतं.

"चूक पिशवीची आहे, तुमची नव्हे," म्हणत कोरीननं काटा उचलला. "पैज तुम्ही जिंकलात."

"ठेवा तो तिथंच!" आर्डिस खेकसली. "आणि मला समजावू नका. तुमची कीव नकोय मला."

कोरीनशी ती पुढं कधीच धड बोलली नाही. काट्याकडंही ती सवतीकडं बघावं तशी बघायची. पण दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिनं बारा पौंड चीज स्वतः तोलून घातलं, पोरांना वाढलं आणि जास्तीची मॅकरोनी पातेल्यात राखून पळी हातात घेऊन उभी राहिली. आज कुणाला हाकलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

पोरं ढेकर देत बाहेर पळाली. दुसऱ्यांदा कोणीच आलं नाही.