ताईच्या सुपाचा कोंबडा

गिऱ्हाइकाला हलू द्यायचं नाही आणि गप्पही बसू द्यायचं नाही, ही दोन कामं चाळीस वर्षं एका वेळी केलेला माणूस दुकान बंद केल्यावर काय करणार? आमच्या सलूनवाल्या काकांनी कोंबड्या पाळल्या. काकू म्हणाली, "बरं झालं, निदान त्या तुम्हाला उलटून बोलणार नाहीत." कसलं काय! परसात अकरा कोंबड्या आणि दोन कोंबडे, आणि एकाचंही तोंड मिटेल तर शपथ.

रोज सकाळी काका खुराड्यातला भुसा वरखाली करत, पाण्याचं भांडं घासत, आणि हात चालू असताना गल्लीतल्या बातम्या कोंबड्यांना सांगत. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, कोणी नवा स्टोव्ह आणला. काकूचा कारभार आत. व्हिनेगरमधले कांदे, उन्हात सुकवलेले टोमॅटो, फडक्यात टांगलेलं चीज, दर दोन दिवसांनी घरचा पाव. अंडी काका आणून देत, त्यांचं पुढे काय होतं ते मात्र काकू ठरवी. मारायची वेळ आली की काका काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकत. त्यामुळे अंडी देणं थांबलेल्या तीन म्हाताऱ्या कोंबड्या ऐटीत फिरत होत्या. "हे खुराडं आहे की वृद्धाश्रम?" काकू विचारायची, आणि काका तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

आता ताईचं सांगतो. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच या धाकट्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं. पुढे तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात शेकडो आजाऱ्यांचं जेवण रांधलं. त्या ताईला यंदा न्यूमोनिया झाला. न्यूमोनिया गेला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. काकांनी तिला आपल्या घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला. तीन आठवडे झाले, चार घोट चहा आणि पावाचा एक तुकडा, यापलीकडे काही नाही. मनगट तर असं झालं होतं की काकांना धरायची भीती वाटे. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट खाल्लं नाही, तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

"घाला," ताई म्हणाली. "मी ओढून काढीन."

ते गेल्यावर तिने काकांना जवळ बोलावलं. "धाकट्या, घरच्या कोंबड्याचं सूप मिळालं तर बघेन. पण माझी अट आहे. तो घाबरून मेलेला नको. घाबरलेल्या जिवाचं माझ्या घशाखाली उतरत नाही. आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, तू स्वतः करायचं."

काकांनी आजवर एकही कोंबडी स्वतः मारली नव्हती. पण इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. नाही कसं म्हणणार?

ते तडक गेले खाटकाकडे. तो त्यांचं जुनं गिऱ्हाईक, दर रविवारचं. त्याने सगळं नीट समजावलं. आदल्या संध्याकाळपासून दाणे बंद, पाणी चालू. मागे पळून पकडायचा नाही, पेंगत असतानाच उचलायचा. टोक कापलेला पत्र्याचा शंकू भिंतीला ठोकायचा, त्यात डोकं खाली करून सोडला की तो आपोआप निवांत होतो. मग एकच वार, आणि तोही मागेपुढे न बघता. "आणि सुरीला धार हवी," खाटीक म्हणाला.

"धार? मला शिकवतोस?" काका म्हणाले. तेवढ्या एका बाबतीत त्यांची मान ताठ होती.

शनिवारी उजाडता उजाडता काका परसात गेले. दोन कोंबड्यांपैकी जो दिवसभर सगळ्यांवर डाफरायचा, ज्याला काकू 'साहेब' म्हणायची, तो निवडला होता. काकांनी त्याला सलूनच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी धरलं आणि हळू आवाजात बातम्या सांगायला सुरुवात केली. साहेबांनी पापण्या मिटल्या. काकांनी त्याला अलगद शंकूत सोडलं. तरी शांत. आता फक्त कापड काढून घ्यायचं होतं.

काकांनी ते काढलं, आणि फटकन झटकलं.

अहो, चाळीस वर्षांची सवय! गिऱ्हाईक उठलं की कापड झटकायचं, केस उडवायचे. हात बघत नाही समोर कोण आहे. आवाज झाला तसा साहेब दचकला, जिवाच्या आकांताने तडफडला. तेव्हा थांबायला हवं होतं, बाहेर काढून पुन्हा शांत करायला हवं होतं. पण काका त्याच्याहून जास्त घाबरले आणि त्यांची सुरी फिरली.

पुढचं काम मात्र चोख झालं. जन्मभर गरम टॉवेल हाताळलेले, त्यामुळे पाणी किती कढत हवं हे त्यांना थर्मामीटरशिवाय कळलं. पिसं मुठीमुठीने निघाली, कातडीला कुठे ओरखडा नाही. काकूने पोट साफ केलं, बर्फाच्या पाण्यात गार केलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. "एक दिवस मुरू दे, नाहीतर चामडं चावावं लागेल."

काका दिवसभर गप्प. काका गप्प म्हणजे काहीतरी घोटाळा आहे, हे काकूला कळायला कितीसा वेळ? रविवारी गाजर, कांदा, मिरे, पाय आणि मान घालून मंद आचेवर सूप चढवलं आणि तिने त्यांना ओट्याशी गाठलं. काकांनी घडलेलं सांगून टाकलं. डोळे भरून आले होते.

"हे तिच्यासमोर बोलायचं नाही," काकू दबक्या आवाजात म्हणाली. "टकल्यांना केस दाट आहेत म्हणून सांगत आलात, आज एक खोटं जड जातंय?"

"ते टकले होते गं. ही ताई आहे."

"उद्या सोमवार आहे, कळतंय का?"

काकांनी बशीत ठेवलेला वाडगा ताईसमोर धरला. दाराआड काकू श्वास रोखून उभी. वाफ ताईच्या तोंडावर आली, तिने डोळे मिटून वास घेतला. मग विचारलं, "शांत गेला ना रे?"

काकांनी तोंड उघडलं. 'हो' अगदी जिभेवर होतं.

"नाही गं ताई. मी कापड झटकलं. दचकला तो. फार घाबरला. चूक माझीच."

दाराआडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. ताईने वाडग्यात वाकून बघितलं. काकांनी मान खाली घातली, वाडगा कलला आणि सूप बशीत सांडलं.

"अरे, सांडू नकोस!" ताई एकदम ओरडली. "आधी त्याला घाबरवलंस, आता वाया घालवतोस? अट माझी, चूक तुझी, त्यात त्या बिचाऱ्याने काय केलं? आण इकडे."

तिने वाडगा दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. संपवला. मग बशीत सांडलेलंही प्यायली.