मिरचीच्या रानातला खांब

आमच्या आप्पांचा जीव संकेश्वरजवळच्या मिरचीच्या रानात. गुडघे गेले म्हणून ते बेळगावात माझ्याकडं राहायला आले. रान आता माझी थोरली आक्का बघते. पण रोज सकाळी चहाआधी त्यांचा एकच प्रश्न, रानातल्या मातीत वल हाय का न्हाय? आक्का फोनवर सांगायची, हाय. त्यांना पटायचं नाही. तिनं माती मुठीत दाबून बघितली का, असं विचारून मला नुसतं भंडावून सोडायचे.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ओळखीच्या संशोधकांना प्रयोगाला एक रान हवं होतं, मी आमचंच सुचवलं. बांधावर खांब आणि त्यावर ताटलीएवढा अँटेना. मोबाईलला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल तिथं थेट येतात, तसे जमिनीवर आपटूनही येतात. ओल्या मातीवरून परतलेला वेगळा, कोरडीवरून वेगळा. त्यावरून ओल कळते. रोज सकाळी आकडा मोबाईलवर. आप्पा आधी हसले, मग आकडा बघितल्याशिवाय चहाला हात लावेनात. चला, माझ्यामागची कटकट गेली.

ऐन थंडीत वेळअमावस्येला रानात पिकाची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी आकडाच नाही. आप्पांनी चहा परत पाठवला. "आपल्या रानाला काय झालं, रं?" त्यांचा चेहरा बघवेना. गाडी काढली आणि त्यांना पुढं बसवून निघालो.

बघतो तर खांबाला हळदकुंकू आणि अँटेनावर पालथं जर्मनचं पातेलं! दवात भिजंल म्हणून आक्कानं झाकलं होतं. आता अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याखाली उपग्रह कुठला दिसतोय? मी कपाळावर हात मारला. आप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते बांधावर बसून मूठभर माती दाबत होते. आक्कानं तिथंच भाकरी-झुणका वाढला. त्यांना इतकं पोटभर जेवताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं. आक्काही तेच बघत होती.

तेव्हापासून अधूनमधून आकडा गायब होतो. संशोधक कुरकुरतात, मी त्यांची समजूत काढतो. परवा मात्र आक्काला फोनवर झापलंच. दवाचे दिवस सरले, आता पातेलं कशाला?

"भाकऱ्या टाकल्यात," ती म्हणाली. "आप्पास्नी घिऊन ये."

राग कुठल्या कुठं गेला. मागं वळून बघितलं, तर आप्पा चपला घालून दारात उभे होते.