प्रमिलाबाईंना मी आत बोलावलं

ऑफिसचा शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा मी अंगणात पापड वाळत घालत होते. प्रमिलाबाई नागपूरच्या दवाखान्यात टायफॉईडनं गेल्या... मला आधी रडूच आलं नाही. पापड उलटत राहिले.

जबलपुराहून इंजिनिअर होऊन त्या आमच्या सावली गावाला आल्या, तेव्हा त्यांना पाहायला गाव लोटलं होतं. धानाच्या बांध्यांतून दुर्बीण लावत फिरणारी बाई कोणी पाहिली होती! आमचे हे त्याच नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, ऑफिसात ओव्हरसिअर, म्हणून ओळख झाली. बिचारी एकटी राहते, वेळेवर जेवत नाही, म्हणून माझा जीव तुटायचा. बैठकीत माणसं नहराच्या गोष्टी करत बसली, की मी दारातून हाक मारायची, "बाई, तिथं माणसांत काऊन बसता? आत या, मोकळं बसा." पाहुण्या बाईला बाहेर माणसांत बसवून ठेवणं म्हणजे तिची आबाळच की! त्या नकाशाची गुंडाळी ठेवून यायच्या. एकदा म्हणाल्या, "वहिनी, आतूनबी ऐकू येते मले सगळं." मला वाटलं, थट्टा करताहेत.

मग नागपूरचे मोठे साहेब आले. नव्या नहराचं काम कोणाकडे द्यायचं, ते आमच्याच बैठकीत ठरणार होतं. आखणी सगळी बाईंची, उन्हातान्हात पायी फिरून केलेली. काम त्यांनाच मिळेल, असं हेही म्हणत होते. बाई बाहेर खुर्चीवर बसल्या होत्या... आणि मी बोलावलं. वडे करपत होते हो! एवढी माणसं जेवायला, हाताखाली कोणी नाही. त्या क्षणभर थांबल्या, साहेबांकडे पाहिलं, मग पदर खोचून चुलीपुढे बसल्या. साहेबांनी वडे मागून मागून खाल्ले. जेवण झाल्यावर त्यांचा आवाज आम्हां दोघींना स्वच्छ ऐकू आला. "बाई घरकामात रमतात, छानच आहे. नहराचं काम त्या नव्या इंजिनिअर मुलाकडे द्या."

बाईंचा झारा कढईतच राहिला. "मी बाहेर असती तर बोलली असती, वहिनी," एवढंच म्हणाल्या. आणि मी काय म्हणावं? "जाऊ द्या हो बाई, उन्हात फिरणं तरी वाचलं!" माझी जीभ कशी झडली नाही!

पुढे त्यांना चांद्याच्या ऑफिसात नकाशे उतरवायला बसवलं. राग त्यांनी धरला नाही. दिवाळीला यायच्या, आणि मी न बोलावताच सरळ चुलीपाशी जायच्या. त्यांनी भांडायला हवं होतं माझ्याशी.

परवा पुन्हा ऑफिसची मंडळी जमली. चहा दिला आणि मी आत न जाता तिथेच खुर्चीवर बसले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. हे म्हणाले, "काऊन, काई पाह्यजे का?"

"नाई. बोला तुम्ही."

सगळे चहा पिऊ लागले. मीही बसून राहिले. पण मला नहरातलं काय कळणार... जिला कळत होतं, तिला तर मीच उठवलं होतं.